चिठ्ठी न लागणारी नशा

चिठ्ठीशिवाय झोपेची गोळी आमच्या दुकानातून कोणाला मिळालेली नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. पुढचं मात्र मान खाली घालूनच सांगावं लागणार आहे.

अकोल्याहून वाशिम, हिंगोलीमार्गे नांदेडकडे जाणारा 161 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग मालेगाव तालुक्यातून जातो. त्या रस्त्यालगतच्या एका गावात माझं मेडिकल आहे. पाटीवर रीतसर ‘मेडिकल अँड जनरल स्टोअर्स’ लिहिलेलं आहे. आमच्या भागात नुसत्या औषधांवर दुकान चालत नाही. म्हणून उजवीकडच्या काउंटरवर औषधं आणि डावीकडे वह्या-पेन, सेल, साबण, टिकल्या, नेलपॉलिश आणि सायकलच्या पंक्चरचं सामान. उजवीकडे मी बसायचो. डावीकडे घरातलं जे कोणी मोकळं असेल ते.

डी. फार्म. करून परवाना घेतला तेव्हापासून मी औषधांकडे शेड्यूलच्या नजरेनंच बघत आलो. आमचा मूळ कायदा 1940 चा, त्याखालचे नियम 1945 चे. शेड्यूल एचमधलं औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही. 1 मार्च 2014 पासून एच-वन लागू झालं. त्यात सुरुवातीला 46 औषधं होती: वरच्या दर्जाची काही अँटिबायोटिक्स, टीबीची औषधं, अल्प्राझोलाम, डायझेपाम, कोडीन, ट्रामाडॉल. त्यांचं रजिस्टर वेगळं ठेवायचं, डॉक्टरांचं नाव, रुग्णाचं नाव, किती दिलं ते लिहायचं आणि ते तीन वर्षं जपायचं. शेड्यूल एक्स त्याहून कडक. चिठ्ठीच्या दोन प्रती, त्यातली एक आमच्याकडे दोन वर्षं, माल कुलपात. आणि या सगळ्यांच्या वर 1985 चा एनडीपीएस कायदा, ज्याचं मराठी नाव उच्चारतानाच धाप लागते: गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम. ड्रग इन्स्पेक्टर आले की मी रजिस्टर स्वतःहून पुढे करायचो. खाडाखोड नाही, कोरी ओळ नाही.

या माहितीमुळे गावात माझा दबदबा होता. 26 जून हा अंमली पदार्थविरोधी दिन म्हणून संयुक्त राष्ट्रांनी 1987 मध्ये ठरवला. तो जवळ आला की आसपासच्या शाळांतून मला बोलावणं यायचं. मी एक मोठा तक्ता करून घेतला होता. डावीकडे पदार्थ, मध्ये वजन, उजवीकडे शिक्षा. गांजा एक किलोपर्यंत अल्प मात्रा, 20 किलोच्या वर व्यावसायिक मात्रा. हेरॉइनला हेच आकडे 5 ग्रॅम आणि 250 ग्रॅम. पोरं डोळे विस्फारून ऐकायची, मग शाल-श्रीफळ व्हायचं. तक्त्यात दारू नव्हती, तंबाखू नव्हता, कारण ते एनडीपीएसमध्ये नाहीत. ज्यांच्या खिशात खर्ऱ्याची पुडी असायची अशा पोरांना मी कोकेनची शिक्षा सांगत होतो आणि त्यात काही विसंगत आहे असं मला वाटत नव्हतं.

व्यसन म्हटलं की माझ्या डोक्यात पुण्या-मुंबईचं चित्र असायचं. ब्राउन शुगर, म्हणजे गर्द. अनिल अवचटांनी त्यावर पुस्तक लिहिलं, 29 ऑगस्ट 1986 ला पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं, ते सगळं मी वाचलेलं होतं. आमच्या सोयाबीन-तुरीच्या मुलखात नशा म्हणजे दारू, खर्रा आणि फार तर गांजा, अशी माझी पक्की समजूत होती.

करोनाच्या आधीच्या एका हंगामातली गोष्ट. मुलाचं खरं नाव लिहीत नाही, गजू म्हणू. सातवीत होता. आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे आणि गजू आजीजवळ राहायचा. शाळा सुटली की महामार्गावरच्या एका पंक्चरच्या टपरीवर हाताखाली काम करायचा. आमच्या डाव्या काउंटरवर यायचा आणि म्हणायचा, “काका, सोल्यूशन द्या ना एक.” टायर-ट्यूबला पॅच चिकटवायची ती छोटी ट्यूब. किंमत म्हणाल तर चहाच्या कपाएवढी.

पंक्चरच्या टपरीवरच्या पोराने सोल्यूशन मागितलं तर शंका कोणाला येणार, असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा समजावून पाहिलं. पण शंका यायला जागा होती. पंक्चरवाले सोल्यूशनचा डबा आणतात. ते छोटी ट्यूब किरकोळीत नेत नाहीत. नेणारं गिऱ्हाईक असलं तर ते सोबत पॅच मागतं, घासायला पॉलिश पेपर मागतं. गजू नुसतं सोल्यूशन न्यायचा. मी एकदा थट्टेनं म्हटलंही, “काय रे, तुझीच सायकल बरी रोज पंचर होते?” तो हसला. मी पैसे गल्ल्यात टाकले. गजूकडे सायकल नव्हती. तो रोज दुकानावरून पायीच जायचा आणि ते मला दिसत होतं.

काही दिवसांनी त्याची आजी आली, उजव्या काउंटरवर. “बापू, याच्या तोंडाले फोड आले, जरा मलम दे. अन् डोक्सं लय दुखते म्हणते. जेवत बी नाही.” मी गजूला जवळ बोलावलं, हनुवटी वर करून पाहिलं आणि उष्णतेचं निदान केलं. मलम दिलं, पॅरासिटामॉल दिली, भूक लागायचं टॉनिक दिलं. निदान करण्याचा अधिकार मेडिकलवाल्याला नाही. पण खेड्यात लोक आधी आमच्याकडे येतात आणि आम्हीही डॉक्टर होऊन बसतो. नाकातोंडाभोवतीचं पुरळ, वाहणारं नाक, लाल डोळे, डोकेदुखी, मेलेली भूक, कपड्यांना येणारा उग्र वास. सोल्यूशनसारखं द्रावक हुंगणाऱ्या मुलाच्या खुणा वैद्यकाच्या पुस्तकात अशाच दिलेल्या असतात. माझ्यासमोर त्या सगळ्या एका वेळी उभ्या होत्या. वास आलाच होता. पंक्चरच्या टपरीवर काम करतो म्हटल्यावर तो येणारच, असं मी गृहीत धरलं.

ऊसतोड आटोपून बाप गावी आला तेव्हा त्याला पोरात फरक जाणवला. आईबापाला तो जाणवतोच, आम्हा रोज बघणाऱ्यांना जाणवत नाही. तो संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर आला आणि हळू आवाजात म्हणाला, “भाऊ, पोट्टं बिघडलं वाटते. बोलता बोलता अडखळते, शाळेत जात नाही. गांजा तं नसन पेत?”

आता माझं ज्ञान कामाला येणार होतं. मी अकोल्याहून लघवी तपासायचं किट मागवलं. एका पट्टीवर पाच-सहा प्रकारच्या नशा तपासणारं. गांजा, अफूवर्गीय द्रव्यं, झोपेच्या गोळ्या, कोकेन, अँफेटामिन. बापाने पैसे मोजले, मी सांगितलं तसा नमुना आणला. सगळं निगेटिव्ह. मी पट्टी त्याला दाखवली आणि म्हणालो, “साफ आहे तुझा पोरगा. उगाच संशय घेऊ नको.” बापाने हात जोडले. जाताना गजूसाठी बिस्किटाचा पुडा घेऊन गेला.

माझ्या सगळ्या चुकांमध्ये मला सर्वांत जास्त लाज याची वाटते. संशयाने का होईना, त्या घरात कोणीतरी जागं झालं होतं. मी त्याला परत झोपवलं.

त्या पट्टीवर द्रावकाची नशा कधीच दिसत नाही. टोल्यूइनसारखं द्रावक फुप्फुसातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत काही सेकंदांत पोचतं. नशा काही मिनिटं टिकते. काही अंश श्वासावाटेच निघून जातो. उरलेल्याचं यकृतात हिप्युरिक आम्ल होतं आणि ते लघवीत उतरतं खरं, पण ते शोधायला वेगळी प्रयोगशाळा लागते. शिवाय बेंझोएट घातलेली लोणची-सरबतं खाल्ली-प्यायली तरी ते वाढतं. हे सगळं मला ठाऊक नव्हतं, यात नवल नाही. पण किटच्या वेष्टनावर कशाकशाची तपासणी होते ते छापलेलं होतं. ते वाचून ‘या पाच-सहांपैकी काही नाही’ एवढंच सांगायला हवं होतं. मी ‘काहीच नाही’ असं सांगितलं.

मग वैशाखातली एक दुपार. बाजार समितीच्या बंद गोदामामागे मी मोटरसायकल लावायला गेलो, तर तीन-चार पोरं भिंतीच्या सावलीला बसलेली. हातात फडकी. गजू त्यांत होता. तोच वास. त्या एका क्षणात मला सोल्यूशन, मलम, टॉनिक, किट सगळं उलगडलं आणि स्वतःवरचा राग मी त्या पोरांवर काढला. मोठ्याने शिवी हासडली आणि त्यांच्यामागे धावलो. पोरं पांगली. गजू शेताच्या बांधाकडे सुसाट पळाला, थोड्या अंतरावर कोसळला. मी पोचलो तेव्हा त्याला ओकारी होत होती आणि छाती भात्यासारखी हलत होती. माझी बोबडी वळली. दोघा-तिघांनी मिळून त्याला वाशिमला नेलं. तो वाचला.

पुढे त्याला अकोल्याच्या एका मानसोपचार डॉक्टरांकडे नेलं तेव्हा मीही सोबत होतो. मी सगळी हकिकत सांगितली. पळण्याचा भाग आला तसं त्यांनी मला थांबवलं. “तुम्ही त्याच्यामागे धावलात?” मी हो म्हणालो. त्यांनी मग समजावून सांगितलं. या द्रावकांमुळे हृदयाचा स्नायू अॅड्रेनॅलिनला अति संवेदनशील होतो. त्याच वेळी माणूस दचकला, घाबरला, जीव घेऊन पळाला की शरीर अॅड्रेनॅलिन सोडतं, हृदयाची लय बिघडते आणि ते बंद पडू शकतं. 1970 मध्ये मिलार्ड बास या अमेरिकन डॉक्टरने अशा 110 मृत्यूंवर लेख लिहिला. त्यात आधी धडधाकट असलेली कोवळी मुलं होती. काहींचा मृत्यू हुंगल्यानंतरच्या धावपळीत झाला होता. हे कितव्यांदा हुंगताना होईल याचा नियम नाही. पहिल्यांदाही होऊ शकतं. म्हणजे त्या दुपारी गजूला सोल्यूशनने मारलं नाही आणि मी जवळजवळ मारलं होतं.

तेव्हा हे नीट लिहून ठेवतो. मूल हुंगताना दिसलं तर ओरडायचं नाही, मागे धावायचं नाही, झटापट करायची नाही. आवाज खाली ठेवून जवळ जायचं, त्याला मोकळ्या हवेत बसवायचं, हातातली वस्तू शांतपणे बाजूला घ्यायची. शुद्ध हरपली असेल तर कुशीवर वळवायचं, म्हणजे ओकारी श्वासनळीत जात नाही, आणि 108 ला फोन करायचा. जाब विचारायचा तो दुसऱ्या दिवशी.

गजू दवाखान्यातून घरी आल्यावर मी काय करावं? मी पोलिसांकडे गेलो. माझ्या डोक्यात पंक्चरवाला आरोपी होता आणि तक्ता अजून डोक्यातून गेला नव्हता. तिथल्या अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकलं. एनडीपीएस लागत नाही म्हणाले. आणि मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, “ट्यूब विकली कोणी?”

मी घरी येऊन पहिल्यांदा सगळं मुळापासून वाचायला बसलो. इतकी वर्षं ज्या यादीवर भाषणं दिली, ती यादी नेमकी कशी बनते हे मला माहीतच नव्हतं.

एनडीपीएसमध्ये गुंगीकारक द्रव्य म्हणजे कोका पान, कॅनाबिस, अफू, खसखशीची बोंडं-काड आणि कारखान्यात तयार होणारी ठरावीक द्रव्यं. मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ म्हणजे जे परिशिष्टात नावानिशी दिलेत ते. ट्रामाडॉल त्यात 2018 मध्ये आलं, म्हणजे आदल्या दिवशी ते नुसतं शेड्यूलचं औषध होतं आणि दुसऱ्या दिवशी एनडीपीएसचं झालं. गोळी तीच होती. गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. नुसती पानं त्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून भांग वेगळी. या याद्या मुळात संयुक्त राष्ट्रांच्या 1961 आणि 1971 च्या करारांतून आलेल्या आहेत, आणि त्या करारांपुढे प्रश्न होता देशोदेशीच्या चोरट्या व्यापाराचा. सायकलचं सोल्यूशन कोणी सीमेपलीकडून चोरून आणत नाही.

सगळ्यात मोठी गंमत पुढेच आहे. टोल्यूइनचं नाव आंतरराष्ट्रीय यादीत आहे. 1988 च्या कराराच्या दुसऱ्या तक्त्यात, अॅसिटोन, ईथर, गंधकाम्ल यांच्या शेजारी. पण तिथे ते आहे ते कोकेनसारखे पदार्थ बनवायला लागणारं रसायन म्हणून. ड्रग तयार करायला लागतं म्हणून त्यावर लक्ष ठेवायचं. तेच द्रावक मूल थेट हुंगतं, याची दखल त्या तक्त्यात नाही.

डॉक्टरांची यादी वेगळी निघाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत नशेच्या आजारांना एफ-10 ते एफ-19 असे क्रमांक आहेत. एफ-10 दारू, एफ-11 अफूवर्गीय, एफ-12 गांजावर्गीय, एफ-17 तंबाखू आणि एफ-18 उडून जाणारी द्रावकं. कायद्याने ज्यांना बाहेर ठेवलं ती तिन्ही, दारू, तंबाखू आणि द्रावकं, इथे हेरॉइन-कोकेनच्याच रांगेत बसलेली. माझ्या तक्त्याऐवजी ही दहा ओळींची यादी मी शाळेत नेली असती, तरी निम्मं काम झालं असतं.

औषधशास्त्राला मात्र हा वर्ग गैरसोयीचा आहे. बाकीच्या नशा मेंदूवर काय करतात यावरून ओळखल्या जातात: सुस्त करणाऱ्या, चेतवणाऱ्या, भास घडवणाऱ्या. हा वर्ग मात्र शरीरात कसा जातो यावरून पडलेला आहे. सोल्यूशनमधलं टोल्यूइन, पेट्रोल, दातांच्या दवाखान्यातला नायट्रस ऑक्साइड, हृदयरोगावर एके काळी दिला जाणारा अमिल नायट्राइट, सगळे एकाच टोपलीत. बहुतेकांचं काम दारूसारखंच, मेंदू मंदावण्याचं. पण नुकसान ज्याचं त्याचं निराळं. टोल्यूइन मेंदूतल्या तंतूंवरचं आवरण खातं, ऐकू येणं कमी करतं, मूत्रपिंड बिघडवून रक्तातलं पोटॅशियम इतकं खाली आणतं की पोरगं पायावर उभं राहू शकत नाही. हेक्झेनने हातापायांच्या नसा मरतात. बेंझीन हाडांतल्या मगजावर घाव घालतं. नायट्रस ऑक्साइड बी-12 जीवनसत्त्व निकामी करतो. म्हणून ‘हुंगायची नशा’ हा एकच आजार समजून चालत नाही. काय हुंगलं ते डॉक्टरांना सांगावं लागतं, जमलं तर रिकामी ट्यूब दाखवावी लागते.

कायद्यात अगदीच काही नाही असंही नव्हे. अल्पवयीन न्याय कायदा 2015 चा. त्याच्या 77 व्या कलमात मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड सांगितलाय. पण तिथेही मद्य, गुंगीकारक द्रव्य, तंबाखू, मनोव्यापारांवर परिणाम करणारा पदार्थ, अशीच नावं. बाटलीतलं करेक्शन फ्लुइड आणि त्याचं थिनर किरकोळीत विकायला केंद्र सरकारने 2012 मध्ये बंदी घातली, पेनच्या आकारातलं तेवढं ठेवलं. आणि माझ्या डाव्या काउंटरच्या फळीवर त्या जुन्या बाटल्या त्यानंतरही होत्या. एच-वनच्या रजिस्टरातली एक ओळ चुकू न देणाऱ्या माणसाला ही बंदी माहीतच नव्हती, कारण ती ‘जनरल’ची बाब होती.

देशात किती मुलं या वाटेला आहेत, याचं उत्तर फेब्रुवारी 2019 मध्ये आलं. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने देशभर पाहणी केली, 10 ते 75 वयाच्या 4,73,569 लोकांच्या मुलाखती घेतल्या. सगळ्या नशांमध्ये हा एकच वर्ग असा निघाला की ज्याचं प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त आहे. सुमारे 4.6 लाख मुलांना यासाठी मदतीची गरज आहे, आणि अशा मुलांची संख्या जास्त असलेल्या राज्यांत उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश यांच्यासोबत महाराष्ट्राचं नाव आहे. कारण शोधायला लांब जायला नको. गांजाला ओळख लागते, दारूला पैसा आणि वय. सोल्यूशनला चहापुरते पैसे सोडले तर यातलं काहीच लागत नाही.

एवढं वाचल्यावर माणूस शहाणा व्हायला हवा. मी उत्साही झालो. पुढच्या 26 जूनला मी एका शाळेत नवा तक्ता नेला आणि पोरांना कोणकोणत्या वस्तू हुंगल्या जातात त्यांची नावानिशी यादीच वाचून दाखवली. नमुने टेबलावर मांडले. पोरांचं लक्ष इतकं लागलं की मी खूश झालो. आठवड्याने तिथल्या बाईंचा फोन आला. त्या चांगुलपणानं म्हणाल्या, “सर, मुलं आता एकमेकांना वास घेऊन दाखवताहेत. माझ्या नेलपॉलिशचाही घेतला.” ज्या मुलांच्या गावीही हे नव्हतं, त्यांना मी पत्ता देऊन आलो होतो. या विषयावर मुलांशी बोलताना वस्तूंची आणि पद्धतीची यादी द्यायची नसते. रंग, गोंद, पेट्रोल यांच्या वाफा विषारी असतात, त्यांचं काम उघड्या जागेत करायचं, डोकं गरगरलं तर बाहेर यायचं, एवढंच विष म्हणून सांगायचं. नशा हा शब्दही लहान वर्गात काढायची गरज नाही. यादी द्यायची ती शिक्षकांना, आईबापांना आणि दुकानदारांना.

गजूचं पुढे काय झालं ते सांगतो, कारण वाचणाऱ्याला तेच हवं असतं. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं की याला उतारा नाही, अफूवर्गीय नशेसारखं बदली औषधही नाही. आम्हा गोळीवर पोट असणाऱ्यांना हे पचायला जड जातं. त्यांनी औषधाऐवजी प्रश्न विचारले. शाळा सुटल्यावर हा कुठे असतो? रात्री याच्याजवळ कोण झोपतं? याचं काय चांगलं आहे? शेवटच्या प्रश्नावर बाप रडला. पुढच्या वर्षी बाप ऊसतोडीला गेला नाही, गावातच सालदार म्हणून राहिला. त्यात त्याचं उत्पन्न घटलं, उचल फेडता फेडता नाकी नऊ आले. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी शासनाची हंगामी वसतिगृहं असतात, त्याची माहिती त्याला कोणी वेळेवर दिली असती तर कदाचित एवढं करावं लागलं नसतं. ती माहिती मलाही होती. मी दिली नव्हती, कारण कोणी विचारलं नव्हतं.

गजूने सातवी परत केली. पोळ्याच्या सुमारास तो पुन्हा एकदा त्या पोरांत दिसला. यावेळी मी धावलो नाही, त्याच्या शेजारी जाऊन बसलो आणि बापाला निरोप पाठवला. त्यानंतर हळूहळू सुटलं. दहावी झाली, आयटीआय झाली, आता पुण्याकडे कामाला आहे. हिशेबात अजून अडखळतो. ते हुंगण्यामुळे की बुडालेल्या शाळेमुळे, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. बाकीच्या पोरांपैकी एकाचं कुटुंब गाव सोडून गेलं, त्याचं काय झालं ते मला माहीत नाही. त्याच्यासाठी मी काही केलं नाही, हेही इथे लिहिलेलं बरं.

दुकानात केलेला बदल अगदी साधा आहे. सोल्यूशन, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर फळीवरून उचलून आतल्या बाजूला, माझ्या नजरेखाली ठेवलं. मुलांना देत नाही, मोठ्यांनाच देतो. मुलाला खरोखर पंक्चर काढायचं असेल तर “बाबाला पाठव” म्हणतो किंवा पंक्चर काढून आणायला सांगतो. गावातल्या स्टेशनरीवाल्यांना, हार्डवेअरवाल्यांना, पंक्चरवाल्यांना जाऊन भेटलो. काही हसले. एक जण म्हणाला, “तू नाही दिलं तं दुसऱ्याकडून घेईन तो.” घेईल ना. पण आमच्यासारख्या गावात अशी दुकानं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. तिसऱ्या दुकानात नाव विचारलं गेलं की चौथ्या दुकानात पोरगं जात नाही. आणि ज्या दुकानदाराने नाव विचारलं, त्याच्या लक्षात ते राहतं. पंक्चरवाल्यावर मी खापर फोडायला निघालो होतो. त्यानेच सगळ्यांच्या आधी डब्याला कुलूप लावलं आणि लहान पोरांना कामावर ठेवणं बंद केलं.

सरकारने या वस्तू एनडीपीएसमध्ये घालाव्यात, असं मला एके काळी वाटायचं. आता वाटत नाही. पेट्रोल, रंग, गोंद यांवर बंदी घालता येत नाही, आणि घातलीच तर पहिला आरोपी गजू झाला असता. ब्रिटनने 1985 मध्ये कायदा केला तो हुंगणाऱ्याविरुद्ध नव्हे, अठरा वर्षांखालच्या मुलाला नशेसाठी जाणूनबुजून विकणाऱ्याविरुद्ध. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातल्या आदिवासी वस्त्यांत पेट्रोल हुंगण्याची साथच होती. तिथे 2005 पासून ओपल नावाचं पेट्रोल आणलं, ज्यात नशा करणारे घटक अगदी कमी, गाडी मात्र नेहमीसारखी चालते. हुंगणारी मुलं मोठ्या प्रमाणात कमी झाली. दोन्ही ठिकाणी हात घातला तो वस्तूला आणि विकणाऱ्याला.

माझ्यासारख्या दुकानदारांना सांगणं एवढंच, की शेड्यूल पाळणं ही आपली सगळी जबाबदारी नाही. गोळीला कायद्याने लावलेलं कुलूप आपण सांभाळतो, ते सांभाळलंच पाहिजे. पण सोल्यूशनची ट्यूब वारंवार मागणाऱ्या मुलाला ‘कशाला रे?’ असं विचारायला कोणताही कायदा आड येत नाही. आईबापांना सांगणं, की किट निगेटिव्ह आलं म्हणून संशय सोडू नका, कपड्यांचा वास घ्या आणि मारू नका. मूल अडचणीत दिसलं तर चाइल्डलाइन 1098, व्यसनमुक्तीसाठी 14446, मन:स्वास्थ्यासाठी टेलिमानस 14416. तिन्ही क्रमांकांना पैसे पडत नाहीत. ते आपल्या दुकानाच्या दोन्ही काउंटरांवर लिहून लावा.